मूळ वर, फांद्या खाली

अण्णा, काल दुपारी जेवणं उरकल्यावर ओट्याशी बसून मी एक झाड काढलं. मूळ वर आणि फांद्या खाली. तुम्ही असते तर शाळेतल्या पोरांच्या वह्यांवर मारायचे तशी लाल पेन्सिलीची रेघ मारून विचारलं असतं, असं झाड कुठं उगवतं का गं. तर सांगते, उगवतं. संगणकाच्या पुस्तकात उगवतं. वर एक आकडा, त्याच्याहून लहान तो डावीकडं खाली, मोठा तो उजवीकडं खाली, आणि प्रत्येकाच्या खाली परत तसंच. पंचवीस आकडे मी त्यात बसवले आणि एकही चुकला नाही. आणि जेवणाआधी आम्हा भावंडांकडून गीतेचा जो अध्याय तुम्ही म्हणून घ्यायचे, त्यातलंही झाड असंच उलटं आहे. त्यावर तुम्ही कधी रेघ मारली नाही.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुमची नात तेव्हा माझ्या पोटात होती. लग्नानंतर आठ वर्षांनी झालेली, तुम्ही न पाहिलेली. ती इथं नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. त्याआधी तिला डॉक्टर करायची म्हणून दोन वर्षं लातूरला शिकवणीला ठेवलं होतं. भूकंपानंतर ज्या शाळेच्या खोलीत तुम्ही यादी घेऊन बसत होते ना, त्या गल्लीत आता घरागणिक खाटा टाकल्यात पोरींसाठी. भिंती दिसत नाहीत, नुसते पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. आमची पोर त्या फोटोंत कधी आली नाही. थोड्यासाठी हुकलं आणि ती तोंड पाडून घरी आली, मग इंजिनिअरिंगला घातली. तिथंही दुसऱ्या वर्षाचा एक विषय अडकला. माहिती कशी रचून ठेवायची आणि ठेवलेली कशी हुडकायची, एवढाच तो विषय. नाव मात्र इंग्रजीत लांबलचक, अल्गोरिदम आणि डेटा स्ट्रक्चर. दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा राहिला असता तर पुढच्या वर्गात बसू देणार नव्हते.

निकाल लागला त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते. हे ऑफिसातून आले, बूट काढता काढता निकाल ऐकला आणि म्हणाले, "पुरे झालं. नसंल जमत तर नसंल जमत. उदगीरकडचं स्थळ आलेलं हाय, माणसं चांगली हायेत."

वाईट माणूस नाही हो. मुदखेडच्या स्टेशनात कारकून म्हणून लागले, तेव्हापासून कुणाला वर आवाज करून बोललेले नाहीत. पण तुम्हीही अगदी तेच दोन शब्द वापरले होते, पुरे झालं, आणि तुमचाही आवाज चढलेला नव्हता. माझा हात भाकरीवर थांबला. मी म्हटलं, "परीक्षा होईपर्यंत स्थळाचं नाव घरात काढायचं नाही."

"आन् तवर शिकवणार कोण तिला? लातूरच्या मास्तरांना नाही जमलं ते. तू शिकवणार?"

"हाव," मी म्हटलं.

ते हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. भाकरी तव्यावर टाकली ती करपली. तीस वर्षं वाण्याची, दुधाची वही ठेवणारी बाई मी, एक दाणा वाया न घालवणारी, ती भाकरी मी गाईला घातली.

दुसऱ्या दिवसापासून बसले. पुस्तक वाचायची एकच रीत मला ठाऊक. आंघोळ करायची, देवापुढं चौरंगावर ठेवायचं, पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायचं, ओळ गाळायची नाही आणि झालेलं पान परत उलटायचं नाही. तुम्हीच शिकवलेली पारायणाची शिस्त. तशी मी त्या पुस्तकाला बसले. प्रस्तावना वाचली, आभार वाचले, कुठं छापलं तेही वाचलं. इंग्रजी अक्षर मला लागतं, शब्द जोडून म्हणता येतो, अर्थ दहातल्या तीन शब्दांचा कळतो. बाकीचा शेवटी उघडेल अशी माझी समजूत, कारण पोथीचं तसंच होतं, पहिल्या पारायणात कुठं सगळं कळतं. एकोणीस दिवस मी असं वाचलं, अण्णा. सव्वाशे पानं झाली आणि डोक्यात काहीही शिरलेलं नव्हतं.

विसाव्या दिवशी पोर दात घासत दारात उभी राहिली. "आई, तू काय करून राहिली?"

"वाचून राहिले."

"असं? मोठ्यानं?"

"मनात वाचलेलं पोचत नाही."

महिनाभरात पहिल्यांदा ती हसली. तोंडातला फेस सांभाळत म्हणाली, "अगं माय, हे मागं जाऊन जाऊन वाचायचं असतं. एक पान चारदा. अन् नसलं जमत तर गाळायचं, सगळी पोरं गाळतात."

"म्हणूनच सगळी नापास होऊन राहिली," मी म्हटलं.

पण तिचं एक ऐकलं. पान मागं उलटलं. खरं सांगते, हाताला कसंतरी झालं, नेम मोडल्यासारखं. मग देवाला हात जोडले, म्हटलं ही पोथी वेगळी आहे, हिची रीत हिला विचारून ठरवते. पुस्तक उचललं आणि ओट्यावर आणलं. तिथं पोळपाटाला टेकवून ठेवलं, कॅलेंडरची जुनी पानं मागच्या कोऱ्या बाजूनं घेतली, आणि पहिल्या प्रकरणापासून एकेक उदाहरण हातानं सोडवत निघाले. अडलं तिथं मागं. परत अडलं, परत मागं. पोर आधी गंमत म्हणून बघायची, मग शेजारी बसायला लागली.

शब्द अडला की तुमचा शब्दकोश. सातवीत केंद्रात पहिली आले तेव्हा तुम्ही लातूरहून आणलेला, पाठीला सुतळी बांधून मी अजून वापरते. तो देताना तुम्ही जे सांगितलं होतं ते मला या पुस्तकात पानभर लिहिलेलं सापडलं. तुम्ही म्हणाले होते, "पहिल्या पानापासून हुडकू नको. मधोमध उघड. शब्द पुढं हाय का मागं? मागं असंल तर पुढचं अर्धं सोडून दे. राहिलेल्याचं परत मधोमध." एवढंच. याला बायनरी सर्च म्हणतात. पोरीला मी शब्दकोश हातात देऊन सांगितलं, आणि जे दोन वर्षं पाठ केलं होतं ते तिला त्या दुपारी कळलं. हजार शब्दांतला एक शब्द फार तर दहा वेळा उघडून सापडतो, हे तिनं बोटं मोजून बघितलं. हे तुम्ही दिलेलं आहे. नाही म्हणणार नाही मी.

पण पुस्तक लगेच खाली एक अट घालतं. यादी क्रमानं लावलेली असेल तरच हे चालतं, नसेल तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक नाव बघण्यावाचून इलाज नाही. ती ओळ वाचली आणि मी पुस्तक मिटलं. भूकंपाच्या वेळचं तुमचं रजिस्टर क्रमानं नव्हतं, अण्णा.

मी सोळा वर्षांची. लातूरला काकाकडं राहून अकरावीचे तीन महिने झालेले, कॉलेज बंद पडलेलं. तुमची रेणापूरच्या शाळेतून लातूरला ड्युटी लागली, कोण कुठल्या दवाखान्यात आहे, कोण कुठल्या छावणीत, त्याची यादी ठेवायची. पाणी द्यायला, चिठ्ठ्या फाडायला म्हणून तुम्ही मला शेजारी बसवलं. कागद येईल तसं तुम्ही नाव लिहायचे, सुंदर अक्षरात, एकाखाली एक. माणूस येऊन विचारायचा, तुम्ही पहिल्या पानापासून बोट फिरवायचे. बाहेर व्हरांड्यात माणसं खांबाला टेकून बसलेली असायची, कुणी रडत नव्हतं, सगळे नुसते तुमच्या बोटाकडं बघायचे. तुमचंही अंग दुखायचं, डोळे लाल व्हायचे, ते मी बघत होते. म्हणूनच मी ते केलं. तुम्हाला खाली दाखवायला नाही केलं.

मदतीत आलेल्या शर्टांच्या खोक्यांतले पुठ्ठे मी कात्रीनं कापले. एका माणसाची एक चिठ्ठी. गावानुसार आणि गावात अक्षरानुसार त्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात लावल्या. नवीन नाव आलं की सगळं परत लिहायला नको, दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये सरकवायची. पण बायकांचं जमेना. आपल्याकडं लग्नात पोरीचं नाव बदलतात. दवाखान्यातून येणाऱ्या यादीत सासरचं नाव, आणि हुडकायला यायचा तो भाऊ, त्याच्या तोंडात माहेरचं. एकच बाई, पण भावाच्या लेखी ती यादीत नाहीच. मग मी व्हरांड्यात बसलेल्या त्या त्या गावच्या बायकांना विचारून घेतलं, मावशी, अमकीला माहेरी काय म्हणायचे? आणि माहेरच्या नावाची दुसरी चिठ्ठी केली. तिच्यावर दवाखाना नाही, वय नाही, काहीच नाही. नुसतं एवढंच की या गावच्या या नावाच्या चिठ्ठीकडं बघा.

पुस्तकात याला पॉइंटर म्हणतात. माल दुसरीकडं, आणि इथं फक्त त्याचा पत्ता. एका खणात पुढच्याचा पत्ता, त्याच्यात त्याच्या पुढच्याचा, अशी साखळी केली की ती लिंक्ड लिस्ट. हे प्रकरण सगळ्या पोरांना अवघड जातं म्हणे. माझी पोर दोन्ही वेळेला त्यातच गेली. मी ते एका दुपारी वाचलं. वाचताना हाताला पुठ्ठ्याची कड लागत होती.

तो माणूस तुम्हाला आठवतो का ते मला ठाऊक नाही. डोक्याला गमछा, पायात एकच चप्पल. बहिणीला हुडकत होता. माहेरचं नाव नदीचं, ते त्यानं सांगितलं. तुम्ही रजिस्टरवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "न्हाई बाबा." मी डबा ओढला. गाव, अक्षर, चिठ्ठी. तिच्यावरचा पत्ता धरून दुसरी चिठ्ठी, सासरचं नाव देवीचं. सोलापूरच्या दवाखान्यात, पाय मोडलेला, जिवंत. मी वाचून दाखवलं. त्यानं ते ऐकलं आणि मग तुमच्याकडं वळला. शिवी दिली नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, "गुर्जी, चार दिस झाले मी हितंच उभा हाय. रोज तुमीच न्हाई म्हनला."

सगळा व्हरांडा ऐकत होता. तुम्ही रजिस्टर मिटलं. घरी आईनं ताट वाढलं तेव्हा म्हणाले, "चार लोकांत बापाला खोटं पाडलं हिनं. डोकं लई चालाया लागलंय. पुरे झालं. उद्यापासून यायचं न्हाई, अन् कॉलेजलाबी जायाचं न्हाई."

आई म्हणाली, "अवो, पोरीनं चांगलंच केलं की."

"चांगलंच केलं," तुम्ही म्हणाले, "म्हणूनच."

हा शब्द मी तीस वर्षं चघळला. आधी वाटायचं, माझं चुकलं, चार लोकांत बोलायला नको होतं, हळूच चिठ्ठी तुमच्या हातात सरकवायची होती. सासरी मी ते मनाला लावूनच राहिले. कुणाला खाली पडू द्यायचं नाही म्हणून येत असलेलं उत्तरही गिळलं. आता नाही वाटत तसं. तुमच्या हातात चिठ्ठी सरकवत बसले असते तर तो माणूस आणखी तेवढा वेळ उभा राहिला असता. मी बरोबर होते, अण्णा. सोळा वर्षांची, शिकवायला कुणी नसताना, बिस्किटांच्या डब्यात मी जे केलं ते आज कॉलेजात प्राध्यापक फळ्यावर शिकवतात. मी ते लहान आवाजात का सांगू?

दोन वर्षांनी तुम्ही माझं लग्न लावलं आणि तांदळात अंगठीनं माझंही दुसरं नाव लिहिलं गेलं. भावंडं ताई म्हणतात, जुन्या नावानं हाक मारणारे तुम्ही आणि आई. आता दोघंही नाहीत. पुस्तकात एक वाक्य आहे, ते पोरीनं मला मराठीत करून सांगितलं. एखाद्या खणाकडं बोट दाखवणारं कुणी उरलं नाही, तर तो खण जागेवर असूनही हरवलेलाच धरतात. ती पुढं वाचत होती. मी म्हटलं थांब, भाजी लागली वाटतं, आणि उठले. भाजी लागली नव्हती.

असो. तिला मी कसं शिकवलं ते सांगते. साखळीत मधेच एक नवा खण घालायचा, तिथं ती प्रत्येक वेळी चुकायची. आधीच्या खणातला जुना पत्ता पुसून नव्याचा लिहायची, आणि मग पुढची सगळी साखळी कुठं गेली ते तिला सापडायचं नाही. मी तिच्यापुढं मोगऱ्याचा गजरा ठेवला आणि म्हटलं, मधे फूल घाल. तिनं दोरा कापला आणि अर्धी फुलं ओट्याखाली पळाली. "आता वेच," मी म्हटलं. "आणि ध्यानात ठेव. आधी नवीन गाठ पुढच्याला मार, मग जुनी सोड." परत ती चुकली नाही.

हॅशिंगचं, म्हणजे आकड्यावरून थेट जागा काढायचं, प्रकरण तिला घेऊन गुरुद्वाऱ्यात केलं. चपला ठेवायच्या खिडकीवर सेवेकरी बिल्ला देतो, परत आलं की बिल्ल्यावरचा आकडा बघून हात थेट त्या खणात. हुडकणं नाही, बोट फिरवणं नाही. मी त्या सरदारजींना विचारलं, "दादा, एकाच खणात दोघांच्या चपला आल्या तर?" ते म्हणाले, "बेटी, बांध के रख देते हैं, एक के पीछे एक." पुस्तकातही हेच उत्तर आहे, एकामागं एक साखळी. परतताना ऑटोत ती म्हणाली, "आई, तुला कॉलेजात घालायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "घातलं होतं. तीन महिने." एवढंच सांगितलं. तुमचं नाव तिच्यापुढं खाली पडू दिलं नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी यांनी उदगीरच्या स्थळाचा फोटो हळूच टेबलावर ठेवला. मी तो उचलून यांच्या खिशात परत घातला आणि म्हटलं, "तेव्हाच सांगितलं होतं, परीक्षा होईपर्यंत नाही." यांनी पोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, कॅलेंडरच्या त्या ढिगाऱ्याकडं बघितलं. म्हणाले, "तू खरंच वाचलं काय हे सगळं?" मी म्हटलं, "विचारा कुठलंही." त्यांनी पुस्तक मधेच उघडलं, एक आकृती दाखवली. मी सांगितलं. बरोबर का चूक ते त्यांना कळायचा मार्ग नव्हता, पण ते गप्प बसले. तुम्हीही त्या दिवशी एवढंच केलं असतं तर पुरे होतं मला. शाबासकी नको होती.

पोर पास झाली. फार मार्क नाहीत, पण पास. निकाल तिनं मोबाईलवर दाखवला, मी देवापुढं साखर ठेवली. यांनी उदगीरला फोन करून सांगितलं, पोरगी शिकणार हाय, दोन वर्षं तरी काही बोलणं नाही. आवाज चढवला नाही, पण नीट सांगितलं. मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

आता हे पत्र कुठं टाकायचं नाही, तुमचा पत्ता कुणाकडंच नाही, म्हणून एक लिहिते. पोरीसाठी बसले असं मी सगळ्यांना सांगितलं. तिच्यासाठीच सुरुवात केली, ते खरं आहे. पण ती पास झाली त्या संध्याकाळी सगळं घर हसत होतं आणि मला एवढंच वाटत होतं, की आता उद्या दुपारी काय. मागच्या रविवारी तिच्या कॉलेजातली खालच्या वर्गातली एक पोरगी जुनी पुस्तकं न्यायला आली. गरीब घरची, हदगावकडची. आमच्या पोरीनं तिला शब्द दिलेला. मी चहा केला, बाकीची चार पुस्तकं दिली आणि म्हटलं, "ते एक सापडत नाही गं बाई, कुठं ठेवलं कोण जाणे." ते गव्हाच्या कोठीमागं, माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं आहे. एकादशी होती त्या दिवशी, आणि मी सरळ डोळ्यांत बघून खोटं बोलले. पोरीच्या परीक्षेला नसलेली सहा प्रकरणं राहिली आहेत. ती पोरगी या रविवारी परत विचारायला येणार आहे. तेव्हाही मी नाहीच म्हणणार.